ग्रॅम्ब्लिंगचे दोन हंगाम

हंगाम : मोजमापाचे एकक

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉल शरद ऋतूत खेळला जातो. १९४० च्या दशकात सप्टेंबरच्या अखेरीस सुरू झालेला हंगाम नोव्हेंबरच्या शेवटी किंवा डिसेंबरच्या आरंभी संपत असे. या अवधीत एका संघाच्या वाट्याला साधारणतः आठ ते दहा सामने येत आणि दोन सामन्यांत बहुधा एक आठवड्याचे अंतर असे. सामने इतके थोडे असल्यामुळे एका पराभवाने वर्षभराचे चित्र बदले, आणि नव्या प्रशिक्षकाची परीक्षाही याच आठ-दहा दुपारींवर होई. लुइझियाना राज्यातील ग्रॅम्ब्लिंग येथील एका लहान महाविद्यालयाने १९४१ मध्ये २२ वर्षांचा, कोणत्याही महाविद्यालयाचा मुख्य प्रशिक्षक म्हणून कधीही काम न केलेला तरुण नेमला. त्याच्या पहिल्या हंगामात संघाने तीन सामने जिंकले आणि पाच गमावले. दुसऱ्या हंगामात नऊपैकी नऊ सामने जिंकले आणि एकाही सामन्यात प्रतिपक्षाला एकही गुण घेऊ दिला नाही. प्रशिक्षक बदलतो तेव्हा संघात नेमके काय बदलते, हे तपासण्यासाठी हे उदाहरण सोयीचे आहे. संस्था लहान असल्यामुळे कारणे आणि परिणाम फारसे विखुरलेले नाहीत.

खेळाची रचना

हा फुटबॉल भारतात खेळला जातो तो नव्हे. चेंडू दोन्ही टोकांना निमुळता असतो, तो हातात धरून पळता येते, तो फेकता येतो आणि लाथेने मारताही येतो. मैदानाची मुख्य लांबी १०० यार्ड असते. प्रत्येक संघाचे ११ खेळाडू मैदानात असतात. चेंडू ज्या संघाकडे असतो त्याला चार प्रयत्नांत किमान १० यार्ड पुढे सरकावे लागते. जमले तर नवे चार प्रयत्न मिळतात, न जमल्यास चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. प्रत्येक प्रयत्न कबड्डीतील चढाईसारखा काही सेकंदांत संपतो, मग खेळ थांबतो आणि पुढच्या प्रयत्नाची मांडणी होते. चेंडू प्रतिपक्षाच्या अंतिम रेषेपलीकडे नेल्यास सहा गुण, त्यानंतरच्या यशस्वी लाथेला एक आणि मैदानातून मारलेल्या गोलाला तीन गुण, ही गुणपद्धती १९४० च्या दशकात रूढ होती. खेळ वारंवार थांबत असल्यामुळे प्रत्येक प्रयत्न आधी आखता येतो. प्रशिक्षकाला या खेळात इतर सांघिक खेळांपेक्षा मोठे स्थान का मिळाले, त्याचे उत्तर या थांबण्यात आहे.

संस्था

उत्तर लुइझियानातील लिंकन पॅरिशमध्ये कृष्णवर्णीय शेतकऱ्यांच्या पुढाकाराने १९०१ मध्ये एक शाळा सुरू झाली. शेतकऱ्यांनी टस्कीगी येथील शिक्षणसंस्थेचे प्रमुख बुकर टी. वॉशिंग्टन यांच्याकडे मदत मागितली होती आणि त्यांनी आपले विद्यार्थी चार्ल्स पी. अ‍ॅडम्स यांना तेथे पाठवले. शेती, हस्तव्यवसाय आणि पुढे शिक्षक-प्रशिक्षण हे शाळेचे विषय होते. १९२८ मध्ये ती राज्याच्या अखत्यारीत आली आणि तिचे नाव ‘लुइझियाना निग्रो नॉर्मल अँड इंडस्ट्रियल इन्स्टिट्यूट’ झाले. या लांबलचक नावाचा एक किस्सा १९४१ मध्ये नेमलेले प्रशिक्षकच पुढे सांगत असत : समर्थकांची संस्थेच्या नावाची घोषणा पूर्ण होईपर्यंत समोरच्या संघाचे गुण झालेले असत. १९४६ मध्ये ‘ग्रॅम्ब्लिंग कॉलेज’ हे सुटसुटीत नाव आले. पहिली स्नातक पदवी या संस्थेने १९४४ मध्ये दिली. त्यामुळे १९४१ चा संघ पदवी देणाऱ्या विद्यापीठाचा नव्हता. ग्रामीण प्राथमिक शाळांसाठी शिक्षक घडवणाऱ्या संस्थेचा तो संघ होता.

वर्णभेदाची चौकट

लुइझियानातच १८९२ मध्ये होमर प्लेसी हे गोऱ्यांसाठी राखीव असलेल्या रेल्वे डब्यात बसले आणि त्यांना अटक झाली. त्या खटल्यात १८९६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वेगळ्या, पण समान म्हणवल्या जाणाऱ्या सोयींना मान्यता दिली. १९४१ मध्ये हाच कायदा लागू होता. सोयी वेगळ्या होत्या, समान नव्हत्या. बॅटन रूज येथील राज्याच्या मुख्य विद्यापीठात कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला पदवीचे शिक्षण घेता येत नव्हते, त्यामुळे तेथील संघात खेळण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता. व्यावसायिक लीगनेही १९३४ ते १९४५ या काळात कृष्णवर्णीय खेळाडूंना दूर ठेवले होते. (अमेरिकेतील गुलामगिरी नष्ट करणाऱ्या लोकांना जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये आपले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अर्पण केले, त्यानंतर जवळजवळ सत्तर वर्षांनीही मुक्त झालेल्यांच्या नातवंडांची ही स्थिती होती.) खेळाच्या दृष्टीने याचे दोन परिणाम झाले. कृष्णवर्णीय महाविद्यालये परस्परांतच सामने खेळत आणि त्यांचे वृत्तांत मुख्यतः कृष्णवर्णीय समाजाच्या वृत्तपत्रांतच येत. दुसरा परिणाम असा, की दक्षिणेतील गुणवान कृष्णवर्णीय खेळाडूला घराजवळ शिकायचे तर याच महाविद्यालयांचा पर्याय उरे. अन्यायाने अडवलेले हे गुण लहान संस्थांच्या मैदानांवर साठत गेले. ग्रॅम्ब्लिंगच्या पुढील यशाचे विवेचन करताना ही बाजू अनेकदा वगळली जाते, ते बरोबर नाही.

नवा प्रशिक्षक

एडी रॉबिन्सन यांचा जन्म १३ फेब्रुवारी १९१९ रोजी लुइझियानातील जॅक्सन येथे झाला. वडील अर्धेलीने शेती करणारे, आई घरकाम करणारी. शालेय शिक्षण बॅटन रूज येथे झाले. त्यानंतर लीलंड कॉलेज या बाप्टिस्ट महाविद्यालयात ते क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाची सूत्रे हाती असलेला खेळाडू, म्हणून खेळले. १९३९ आणि १९४० या दोन हंगामांत मिळून लीलंडने १९ पैकी १८ सामने जिंकले. तेथील प्रशिक्षक रूबेन टर्नर यांनी रॉबिन्सन यांना खेळाच्या आखणीची वही कशी तयार करतात ते दाखवले आणि प्रशिक्षकांच्या शिबिरालाही नेले. पदवी मिळाल्यावर मात्र काम मिळाले ते पशुखाद्याच्या गिरणीत, ताशी २५ सेंट मजुरीने. ग्रॅम्ब्लिंगमध्ये जागा असल्याचे नातेवाइकांकडून कळले. संस्थेचे अध्यक्ष राल्फ वाल्डो एमर्सन जोन्स हे स्वतः बेसबॉल संघाचे प्रशिक्षक होते. त्यांनी रॉबिन्सन यांना महिना ६३ डॉलर ९५ सेंट पगारावर घेतले. गिरणीत आठवड्याला चाळीस तास काम केले असते तर महिन्याला सुमारे ४३ डॉलर पडले असते. पगारातील फरक तेवढाच होता.

एका माणसाचा विभाग

मोठ्या विद्यापीठात मुख्य प्रशिक्षकाच्या हाताखाली आक्रमणाचा, बचावाचा, लाथांच्या खेळाचा असे स्वतंत्र साहाय्यक असतात. शिवाय वैद्यकीय मदतनीस, साहित्य सांभाळणारे, मैदान राखणारे, प्रसिद्धी पाहणारे. ग्रॅम्ब्लिंगमध्ये ही सर्व पदे एकाच व्यक्तीत सामावलेली होती. रॉबिन्सन मैदानावरचे गवत कापत. सामन्यापूर्वी फक्की मारून रेषा आखत. खेळाडूंच्या घोट्यांना पट्ट्या बांधत, फाटलेले साहित्य दुरुस्त करत आणि मध्यंतरात मैदानावर उतरणाऱ्या मुलींच्या कवायत पथकाचीही तयारी करून घेत. बास्केटबॉलचा संघ त्यांच्याकडेच होता. हाताखाली मदतनीस एकच, संस्थेचा रात्रीचा रखवालदार. सामना संपल्यावर त्याचा वृत्तांतही तेच लिहीत आणि वृत्तपत्रांना कळवत. नाही तर सामना झाला हे गावाबाहेर कोणाला कळलेच नसते.

बाहेरगावचा सामना म्हणजे आणखी एक स्वतंत्र व्यवस्था. बस अनेकदा रॉबिन्सन स्वतः चालवत. वाटेतील बहुतेक उपाहारगृहांत कृष्णवर्णीयांना बसून जेवता येत नसे, म्हणून निघण्यापूर्वी संपूर्ण संघासाठी सँडविच करून बरोबर घ्यावी लागत. कृष्णवर्णीय प्रवाशांना कोठे राहता आणि जेवता येईल याची माहिती देणारे ‘ग्रीन बुक’ १९३६ पासून निघत असे, यावरून या अडचणीचा आवाका कळतो. अकरा मोठ्या अंगाच्या तरुणांना सामन्याच्या आदल्या रात्री पोटभर अन्न आणि झोप मिळणे ही गोष्ट क्रीडाशास्त्राच्या पुस्तकात प्राथमिक मानली जाते. येथे तीच सर्वांत अवघड होती. लहान संघाचा प्रशिक्षक हा डावपेच आखणारा कमी आणि व्यवस्थापक अधिक असतो, असे म्हटले तर ते अतिशयोक्तीचे ठरणार नाही. या कामांतला निम्मा भाग बिघडला तरी उत्तम डावपेच कागदावरच राहतात.

प्लेबुक

खेळाच्या आखणीच्या वहीला प्लेबुक म्हणतात. तिच्या प्रत्येक पानावर एका प्रयत्नाची आकृती असते : कोणी कोठे उभे राहायचे, चेंडू सुटताच कोणी कोणाला अडवायचे, चेंडू कोणत्या फटीतून न्यायचा. आकृतीला नाव किंवा क्रमांक दिलेला असतो. तो उच्चारताच अकराही जणांना आपापले काम कळते. वहीचा उपयोग दुहेरी असतो. सराव मोजून मापून घेता येतो आणि सामन्यात क्षणार्धात निर्णय घेता येतो. मर्यादाही स्पष्ट आहे : अकरा जणांपैकी एकाने चुकीच्या माणसाला अडवले तरी आकृती कोलमडते. म्हणून पाने वाढवण्यापेक्षा थोड्या आकृत्या पुनःपुन्हा घोटून घेणे लहान संघाला अधिक मानवते. रॉबिन्सन यांच्या पुढील कारकिर्दीतही हाच कल दिसतो. एखादी आकृती चुकली की ती ते पुन्हा करून घेत, आणि पुन्हा.

दुसरे उदाहरण : स्टॅनफर्ड, १९४०

नव्या प्रशिक्षकाने एका वर्षात चित्र पालटल्याचे त्या काळातील सर्वांत गाजलेले उदाहरण कॅलिफोर्नियातील आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाने १९३९ मध्ये केवळ एक सामना जिंकला होता. पुढील वर्षी क्लार्क शॉनेसी प्रशिक्षक झाले, त्यांनी ‘टी’ नावाची मांडणी नव्या स्वरूपात आणली आणि संघाने दहाही सामने जिंकले. तेथे खेळाडू बरेचसे तेच होते. बदलली ती उभे राहण्याची रचना आणि चेंडू हाताळण्याची रीत. श्रीमंत संस्थेत मैदान, जेवण, प्रवास, वैद्यकीय मदत हे सर्व आधीच जागच्या जागी असते, त्यामुळे नवा प्रशिक्षक पहिल्या दिवसापासून आकृत्यांकडे वळू शकतो. ग्रॅम्ब्लिंगमध्ये आकृत्यांपर्यंत पोहोचण्याआधीच दिवस संपत असे. स्टॅनफर्डला एक हंगाम पुरला आणि ग्रॅम्ब्लिंगला दोन लागले, हा फरक त्यामुळे आश्चर्याचा वाटत नाही.

१९४१ : पाच पराभव

पहिल्या हंगामाचा आरंभ पराभवांनी झाला. पहिला विजय मिळायला नोव्हेंबरचा मध्य उजाडला. टेक्सासमधील टिलोट्सन कॉलेजचा ३७-६ असा पराभव झाला. अखेरचा हिशेब तीन विजय, पाच पराभव. असा हंगाम लहान संस्थेत नव्या प्रशिक्षकाला महाग पडू शकतो. मोठ्या विद्यापीठात माजी विद्यार्थी आणि देणगीदार लगेच आवाज उठवतात. ग्रॅम्ब्लिंगमध्ये असा देणगीदारवर्ग नव्हता आणि निर्णय एका अध्यक्षाच्या हाती होता. जोन्स स्वतः संघ चालवत असल्याने एका हंगामावरून किती निष्कर्ष काढावा हे त्यांना ठाऊक असावे. त्यांनी प्रशिक्षक बदलला नाही. या सर्व कहाणीतील सर्वांत कमी नोंदला गेलेला, पण कदाचित सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच आहे.

बदली खेळाडूंचा नियम

१९४० पर्यंत महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये मैदानाबाहेर गेलेला खेळाडू सामन्याच्या त्याच पाव भागात परत येऊ शकत नसे. त्यामुळे तेच अकरा जण आक्रमण आणि बचाव दोन्ही खेळत, आणि तासभराच्या खेळात दमलेल्या शरीरानेच शेवटचा पाव भाग काढत. १९४१ मध्ये नियम सैल झाला व खेळाडू केव्हाही बदलता येऊ लागले. ज्यांच्याकडे खेळाडूंचा भरणा आहे अशा मोठ्या विद्यापीठांना हा बदल फायद्याचा होता. ती आक्रमणासाठी एक आणि बचावासाठी दुसरी तुकडी उभी करू शकत. लहान महाविद्यालयाला जवळजवळ सर्वांनी सर्व शिकणे भाग होते. त्याचा एक लाभही असतो. बचावात खेळणाऱ्याला प्रतिपक्षाच्या आक्रमणाची चाल ओळखता येते, कारण त्या जागी तो स्वतः उभा राहिलेला असतो.

कापूस आणि सामना

फुटबॉलचा हंगाम आणि दक्षिणेतील कापूस वेचणीचा हंगाम एकमेकांवर येतात. शेतात हात कमी पडले की शिकणारा मुलगा घरी बोलावला जाई, आणि तो संघातील महत्त्वाचा खेळाडू असला तरी शेत अधिक महत्त्वाचे असे. ग्रॅम्ब्लिंगच्या आरंभीच्या वर्षांतील एक प्रसंग रॉबिन्सन यांच्याविषयी लिहिणाऱ्या बहुतेकांनी नोंदवला आहे. संघातील दोघा भावांना वडिलांनी वेचणीसाठी घरी ठेवून घेतले. प्रशिक्षकाने वाद घातला नाही. संपूर्ण संघ घेऊन ते त्या शेतावर गेले, सर्वांनी मिळून कापूस वेचला आणि काम उरकल्यावर दोघे भाऊ संघाबरोबर परतले. कथा गोड आहे म्हणून ती सांगितली जाते. तिच्यातील व्यवहार मात्र अधिक लक्षणीय आहे. वडिलांची अडचण मजुरांची होती, खेळाविषयीच्या आकसाची नव्हती. अडचण नेमकी ओळखली गेली, म्हणून उपायही नेमका सापडला. शिवाय एका दिवसाचा सराव बुडवून केलेल्या त्या कामाची बातमी आसपासच्या वस्त्यांत पोहोचली असणार, आणि पुढे मुलगा ग्रॅम्ब्लिंगला पाठवायचा की नाही हे ठरवणारे पालक याच वस्त्यांत राहत होते.

१९४२ : नऊ सामने, शून्य गुण

दुसऱ्या हंगामात ग्रॅम्ब्लिंगने नऊ सामन्यांत २२२ गुण मिळवले, म्हणजे सरासरी सामन्यामागे सुमारे २५. प्रतिपक्षांचे एकूण गुण शून्य. या खेळात शून्यावर रोखणे बचावाच्या एकट्याच्या बळावर साधत नाही. चेंडू जितका वेळ आपल्याकडे, तितके प्रतिपक्षाचे प्रयत्न कमी. आणि लाथेने मारलेला चेंडू जितका दूर, तितके त्याला कापायचे अंतर अधिक. त्या काळात संघ जोखीम टाळण्यासाठी चौथ्या प्रयत्नाची वाट न पाहताही चेंडू लाथेने दूर पाठवत. हवेतून चेंडू फेकण्याचे प्रमाण आजच्या मानाने पुष्कळ कमी होते, त्यामुळे शून्याचे सामने तेव्हा आजच्याइतके दुर्मिळ नव्हते. तरीही सलग नऊ वेळा शून्य ही वेगळी गोष्ट आहे. १९३८ मध्ये ड्यूक आणि १९३९ मध्ये टेनेसी या मोठ्या विद्यापीठांनी नियमित हंगामात हे साधले होते, परंतु दोघांनाही हंगामानंतरच्या रोझ बोल सामन्यात सदर्न कॅलिफोर्नियाने हरवले : ड्यूकला ७-३, टेनेसीला १४-०.

आकड्यांच्या मर्यादा

९-० हा आकडा संघ किती चांगला होता हे सांगतो. कोणाच्या तुलनेत, हे सांगत नाही. ग्रॅम्ब्लिंगचे प्रतिस्पर्धी समान ताकदीचे नव्हते, आणि गोऱ्या विद्यापीठांशी सामनाच होत नसल्याने तुलनेचा दुसरा मार्गही बंद होता. दुसरी गोष्ट युद्धाची. ७ डिसेंबर १९४१ रोजी पर्ल हार्बरवर हल्ला झाला तो नेमका या दोन हंगामांच्या मधल्या काळात. १९४२ मध्ये तरुण सैन्यात जाऊ लागले होते, सर्वच महाविद्यालयांचे संघ बदलत होते, आणि कोणत्या संघातून कोण गेले यावरही निकाल अवलंबून होते. त्यामुळे ३-५ वरून ९-० ही झेप संपूर्णतः प्रशिक्षकाच्या नावे मांडता येत नाही. मात्र तिच्यातून प्रशिक्षकाला वगळताही येत नाही, कारण युद्धाची झळ सर्वांनाच होती, पण शून्याचा हंगाम सर्वांच्या वाट्याला आला नाही. दोन हंगामांच्या आधारे याहून अधिक ठामपणे बोलता येणार नाही. पुढील अर्धशतकाचा पुरावा जोडला, तर पारडे प्रशिक्षकाकडे झुकते.

खंड

नोव्हेंबर १९४२ मध्ये सक्तीच्या सैन्यभरतीची किमान वयोमर्यादा १८ वर आली. महाविद्यालयात खेळणाऱ्यांचे वय नेमके हेच. १९४३ आणि १९४४ मध्ये ग्रॅम्ब्लिंगचा फुटबॉल बंद राहिला. या काळात रॉबिन्सन यांनी गावातील हायस्कूलच्या संघाला शिकवले. महाविद्यालयाचा संघ १९४५ मध्ये पुन्हा उभा राहिला.

पुढील धागे

१९४५ मध्ये पॉल ‘टँक’ यंगर हा तरुण ग्रॅम्ब्लिंगच्या संघात आला. १९४९ मध्ये लॉस एंजेलिस रॅम्स या व्यावसायिक संघाने त्याला करारबद्ध केले. कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयातून थेट व्यावसायिक लीगमध्ये जाणारा तो पहिला खेळाडू ठरला. त्यानंतर ग्रॅम्ब्लिंगमधून दोनशेहून अधिक खेळाडू व्यावसायिक फुटबॉलमध्ये गेले. त्यांपैकी डग विल्यम्स यांनी जानेवारी १९८८ मध्ये वॉशिंग्टन संघाला सुपर बोल हा व्यावसायिक लीगचा अंतिम सामना जिंकून दिला आणि त्या सामन्यातील सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला. व्यावसायिक संघ कृष्णवर्णीय खेळाडूंना क्वार्टरबॅकची जागा द्यायला अनेक वर्षे कचरत होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या निकालाचे वजन कळते. स्वतः रॉबिन्सन यांना पदव्युत्तर शिक्षणासाठी उत्तरेकडे जावे लागले. १९५४ मध्ये आयोवा विद्यापीठाने त्यांना ती पदवी दिली. वर्णभेदाचे अडथळे हटल्यावर दक्षिणेतील मोठी विद्यापीठे कृष्णवर्णीय खेळाडूंना घेऊ लागली, तसा ग्रॅम्ब्लिंगसारख्या महाविद्यालयांकडे येणारा गुणवानांचा ओघ आटला. न्याय्य बदलाची ही किंमत लहान संस्थांनी मोजली.

ऑक्टोबर १९८५ मध्ये डॅलस येथे प्रेअरी व्ह्यू संघाला हरवून रॉबिन्सन यांनी ३२४ वा विजय नोंदवला आणि अलाबामाच्या बेअर ब्रायंट यांचा विक्रम मागे टाकला. १९९७ च्या हंगामानंतर ते निवृत्त झाले, तोपर्यंत सर्व काळ एकाच संस्थेत. त्यांची अंतिम नोंद ४०८ विजय, १६५ पराभव आणि १५ बरोबरी अशी आहे. त्यांपैकी १२ विजय आणि ५ पराभव या पहिल्या दोन हंगामांतले.